वेटोळं कापण्याआधी गणित मांडा

मेकॅनिकलच्या मशीन डिझाइनच्या पेपरात हेलिकल स्प्रिंगचा प्रश्न हमखास येतो आणि आपण तो हमखास सोडवतो. तारेच्या व्यासाचा चौथा घात वर, वेटोळ्याच्या व्यासाचा तिसरा घात खाली, त्याच्या शेजारी ८ आणि सक्रिय वेटोळ्यांची संख्या. मार्क खिशात! मग महिन्याभरात यातलाच एखादा भावी इंजिनिअर घरची जुनी स्विफ्ट घेऊन गॅरेजमध्ये उभा राहतो आणि मिस्त्रींना सांगतो, "काका, गाडी जरा खाली करून द्या ना. चारी स्प्रिंगची एकेक कॉईल उडवा." सूत्र बिचारं उत्तरपत्रिकेतच राहतं.

मित्रांनो, गाडी खाली करायला माझा विरोध नाही. पण ती किती खाली करायची हे कोणाच्या गाडीचा फोटो बघून ठरवायचं नसतं, आपल्या गाडीचं माप घेऊन ठरवायचं असतं. आणि पार्ट घेताना एकटी स्प्रिंग घ्यायची नसते. स्प्रिंग, शॉकअप, बम्प स्टॉप आणि अलाइनमेंट हा एक सेट आहे. सेट परवडत नसेल तर गाडी आहे तशी ठेवावी. हे माझं मत, आणि ते का, हे आकड्यांनी सांगतो.

आधी या हौसेविषयी. २००१ साली 'द फास्ट अँड द फ्युरिअस' आला, २००३ साली 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड' आला आणि हॉस्टेलच्या कॉम्प्युटरांवर रात्र-रात्र गाड्या खाली होऊ लागल्या. गेममध्ये एक बटण दाबलं की गाडी जमिनीला टेकते. तिथे ना खड्डे, ना स्पीडब्रेकर, ना मागच्या सीटवर बसलेली आजी. खऱ्या गाडीतही टायर आणि मडगार्डमधली ती मोठी फट भरून निघाली की गाडी देखणी दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दिसण्यापलीकडे खरा फायदाही आहे. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, हे गुरुत्वमध्याची उंची भागिले दोन चाकांमधलं अंतर यावर ठरतं. गुरुत्वमध्य ५५० मिमीवर धरला आणि गाडी ३६ मिमी खाली केली, तर हा भारबदल साधारण साडेसहा टक्क्यांनी कमी होतो. फायदा आहे, पण तो साडेसहा टक्के आहे, साठ नव्हे. त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते आता बघू.

किंमत मोजावी लागते ट्रॅव्हलमध्ये, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला जी जागा असते तिच्यात. गाडी खाली केली की चाकाची वर यायची जागा तेवढीच कमी होते. हे एक वाक्य नीट समजलं तर उरलेला लेख नाही वाचला तरी चालेल. पण वाचा, कारण गणित गमतीचं आहे.

समजा, एका हॅचबॅकच्या पुढच्या एका स्प्रिंगवर २६५ किलो वजन आहे, म्हणजे साधारण २६०० न्यूटन. स्प्रिंगचा दर २० न्यूटन प्रति मिमी, सक्रिय वेटोळी ५ आणि मोकळी लांबी ३५० मिमी. (आकडे हिशेबाला सोपे घेतलेत.) गाडी उभी असताना स्प्रिंग १३० मिमी दबते, उरते २२० मिमी. आता एक वेटोळं कापलं. ५ ची ४ झाली. वेटोळी छेदात असल्याने दर २० चा २५ झाला. मोकळ्या स्प्रिंगमध्ये एका वेटोळ्याची लांबी ६२ मिमी धरली, तर स्प्रिंग २८८ मिमीची झाली. तेच २६०० न्यूटन पेलताना ती १०४ मिमी दबते आणि १८४ मिमी उरते. गाडी ३६ मिमी खाली आली. मिस्त्रींचं काम झालं, मित्रांनी टाळ्या वाजवल्या.

पण एक हिशेब राहिला. गाडी खाली आली ३६ मिमी आणि स्प्रिंगची मोकळी लांबी कमी झाली ६२ मिमी. मूळ शॉकअप पूर्ण उघडतो तेव्हा वरच्या आणि खालच्या सीटमध्ये समजा २९० मिमी अंतर असतं. ३५० ची मूळ स्प्रिंग तिथेही ६० मिमी दाबलेली राहायची, म्हणून जागा सोडायची नाही. २८८ ची कापलेली स्प्रिंग तिथे २ मिमी सैल! चाक मोठ्या खड्ड्यावर लटकलं किंवा गाडी जॅकवर घेतली की स्प्रिंग आत खुळखुळणार. चाक परत वर येताना ती जागेवर बसेलच असं नाही, कारण कापलेलं टोक सीटच्या खाचेसाठी बनवलेलंच नसतं. काही ठिकाणी कापण्याऐवजी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून 'बसवतात'. ते तर त्याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात पाणी देऊन, टेम्पर करून, वर शॉट पीनिंग करून जी ताकद आणलेली असते, ती ज्योतीखाली पाच मिनिटांत निघून जाते. मटेरियल सायन्सच्या सरांना विचारा.

आता दुसरं गणित. मूळ गाडीत बम्प स्टॉपला लागण्याआधी चाकाला वर यायला ८० मिमी जागा होती असं धरू. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले दर गुणिले अंतराचा वर्ग. २० चा दर आणि ८० मिमी, म्हणजे ६४ जूल. गाडी ३६ मिमी खाली केल्यावर उरले ४४ मिमी. २५ च्या दराने ४४ मिमीत मावतात जेमतेम २४ जूल. खड्डा तोच, वेग तोच, धक्का ६४ जूलचा आणि जागा २४ जूलची. शॉकअप त्यातला काही भाग खातो, पण उरलेलं बम्प स्टॉपवर, त्यानंतर स्ट्रटच्या माउंटिंगवर आणि शेवटी बॉडीच्या पत्र्यावर. ४४ मिमीत ६४ जूल मावायला दर लागेल ६६ न्यूटन प्रति मिमी, मूळ स्प्रिंगच्या तिपटीहून जास्त. इतकी कडक स्प्रिंग रोजच्या गाडीत कोणी बसवणार नाही. म्हणून चांगल्या कंपनीची स्प्रिंगसुद्धा हे गणित रद्द करू शकत नाही, फक्त त्याची धार कमी करते. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे ते आहे आणि मिलिमीटरमध्ये मोजता येतं.

शॉकअपचंही तसंच. डॅम्पिंग रेशोच्या सूत्रात छेदात दर आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ असतं. दर २० चा २५ झाला आणि शॉकअप तोच राहिला, तर रेशो साधारण ११ टक्क्यांनी घटतो. गाडीची नैसर्गिक वारंवारता मात्र सुमारे १.४ हर्ट्झवरून १.५५ हर्ट्झवर जाते. म्हणजे स्प्रिंग जास्त जोरात उसळते आणि तिला आवरणारा मात्र तुलनेने कमजोर पडतो. त्यातून शॉकअप आधीच साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेला असेल तर विचारायलाच नको. उठसूट ठोके खाणारी आणि तरीही झुलत राहणारी गाडी अशीच तयार होते.

तिसरी गोष्ट कागदावर रेघा मारून बघण्यासारखी आहे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना १९५१ साली ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर गाड्यांवर आली आणि स्वस्त, आटोपशीर म्हणून जगभर पसरली. तिची खोड अशी, की गाडी खाली केली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकाच्या तुलनेत वर जातं आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. दोघांमधलं अंतर, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ, लांब होते. गाडी खाली आली, पण कलण्याची ओढ वाढली! ती रोखायला जास्त कडक स्प्रिंग किंवा जाडसर अँटीरोल बार लागतो. शिवाय स्टीअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलल्याने टो बिघडतो आणि टायर आतल्या बाजूने झिजायला लागतात. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब मागच्या अॅक्सलच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. अशी गाडी मागून खाली केली की व्हॉल्व्हला वाटतं, गाडी भरलेली आहे. तो मागे जास्त दाब सोडतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. ज्याने नुसती स्प्रिंग कापली, त्याने ब्रेकलाही हात लावलाय हे त्याच्या गावीही नसतं.

कोणी म्हणेल, रेसच्या गाड्या काय मग वेड्या म्हणून खाली असतात? त्यांचा रस्ता बघा. आणि त्यांनाही मर्यादा आहेच. आपल्या कॉलेजातली पोरं ज्या फॉर्म्युला स्टुडंट गाड्या बनवतात, त्यांच्या नियमांत ड्रायव्हर बसलेला असताना चाकाला किमान ५० मिमी वापरण्याजोगा ट्रॅव्हल असावा लागतो, आणि हे गुळगुळीत ट्रॅकवर. २०२२ साली फॉर्म्युला वनमध्ये नवीन नियमांच्या गाड्या जमिनीलगत धावताना उसळ्या मारू लागल्या. त्या वर्षी बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन पाठीच्या दुखण्याने कसाबसा गाडीबाहेर आला, ते सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. २०२३ साठी एफआयएने गाडीच्या तळाच्या कडा १५ मिमीने उंच करायला लावल्या. जगातले सर्वांत हुशार सस्पेन्शन इंजिनिअर जिथे आहेत, तिथेही खाली जाण्याला तळ आहे.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतला गोल माथ्याचा स्पीडब्रेकर असा आहे: त्रिज्या १७ मीटर, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंमी. २००५ साली भारतात आलेल्या पहिल्या स्विफ्टचा व्हीलबेस २३९० मिमी आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. ती गाडी या स्पीडब्रेकरवर बरोबर मधोमध उभी केली, तर दोन्ही चाकांच्या पातळीपेक्षा मधला माथा किती वर येतो? वर्तुळाचं साधं गणित आहे, उत्तर येतं सुमारे ४२ मिमी. म्हणजे नियमाने बांधलेल्या स्पीडब्रेकरवर ३६ मिमी खाली केलेली गाडीसुद्धा आरामात जाते.

पण आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर नियमाने बांधलेला नसतो. कोणीतरी तक्रार केली म्हणून रात्रीतून डांबराचा एक अरुंद ढिगारा ओतलेला असतो. तो १२० मिमी उंच असला आणि दोन चाकांच्या मधे मावला, तर पूर्ण १२० मिमी गाडीच्या पोटाखाली येतो. आता गाडीत पाच जण बसवा. मागे तिघं आणि डिकीत बॅगा मिळून २१५ किलो धरले, तर मागची बाजूच पन्नास-एक मिमी बसते आणि गाडीचा मध्य साधारण ३० मिमी खाली येतो. मूळ गाडीकडे उरले १४० मिमी, ती सुटते. खाली केलेल्या गाडीकडे उरले १०४, ती घासते. घासतं काय? सायलेन्सरचा पाइप घासला तर नशीब, ऑइल चेंबर घासला तर इंजिन. आणि हॉस्टेलवर रात्री दोन वाजता कोणाला ताप चढला की दवाखान्यात जायला तीच गाडी निघते, पाच जण कोंबून.

मग पार्ट निवडायचे कसे? माझा क्रम असा.

पहिलं, एक रुपयाही खर्च न करता माप घ्या. शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी बूट वर सरकवून दांड्यावर तळाशी एक प्लॅस्टिकची टाय घट्ट बांधा आणि गाडी आठवडाभर नेहमीसारखी चालवा. एकदा पाच जण बसवूनही चालवा. टाय जिथे सरकून थांबली असेल, तिथपर्यंत तुमचा शॉकअप दबलाय. बम्प स्टॉपला लागण्याआधीच्या ८० मिमीपैकी ६० वापरले गेले असतील, तर तुमच्याकडे खाली करायला आहेत २० मिमी. पूर्ण ८० वापरले असतील तर उत्तर शून्य आहे, आणि ते उत्तर तुमच्या रस्त्याने दिलंय. उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरची हवा आणि झीज मधे येत नाही.

दुसरं, स्प्रिंग तुमच्याच मॉडेलची घ्या. आयबाख, एच अँड आर ही जर्मन आणि टाइन ही जपानी नावं गाडीवेड्यांना पाठ असतात. अशा कंपन्यांच्या रस्त्यावरच्या स्प्रिंग साधारण २० ते ३५ मिमी खाली नेतात आणि शॉकअप पूर्ण उघडल्यावरही सैल पडणार नाहीत अशा बेताने वळलेल्या असतात. त्यासाठी बरेचदा काही वेटोळी जवळजवळ ठेवतात. पण एक लक्षात ठेवा, पेट्रोल आणि डिझेलच्या इंजिनांचं वजन वेगळं असतं. भारतातली गाडी आणि त्याच नावाची युरोपातली गाडी यांची उंची आणि वजनही बरेचदा वेगळं असतं. पार्ट नंबर न जुळवता 'सेमच आहे' म्हणून मिळालेली स्प्रिंग ही सेम नसते.

तिसरं, शॉकअप. खाली केलेल्या गाडीला आखूड आणि जरा कडक शॉकअप लागतो. बिलस्टाइन कंपनी मूळ उंचीसाठी बी६ आणि कमी उंचीच्या स्प्रिंगसाठी आखूड केलेला बी८ असे दोन वेगळे प्रकार विकते, यावरूनच फरक कळावा. बम्प स्टॉपही नव्या ट्रॅव्हलला जुळणारा घ्या. जुना कापून अर्धा करायचा असेल तर किटबरोबर तसं लिहून आलेलं असलं पाहिजे, अंदाजाने नाही.

चौथं, उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर. हे दोन प्रकारचे असतात. एकात फक्त खालची स्प्रिंग सीट आट्यांवर फिरते, म्हणून गाडी खाली घेतली की शॉकअपचा ट्रॅव्हल जातो. दुसऱ्यात खालचा ब्रॅकेटच वेगळा फिरवता येतो, म्हणून ट्रॅव्हल शाबूत राहतो. दुसरा प्रकार महाग आहे आणि पैसे त्याचेच आहेत. तरीही दोन्हींचे आटे चिखल-पाण्यात जाम होतात. कोकणातले दोन पावसाळे झाले आणि आटे साफ केले नाहीत, तर पाना लावून बघा कसे फिरतात ते!

पाचवं, बसवणं. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के करू नयेत. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर आवळावेत, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. मग व्हील अलाइनमेंट, आणि काही दिवस चालवून पुन्हा एकदा अलाइनमेंट.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. जर्मनीत अशा स्प्रिंगबरोबर तपासणी संस्थेचा दाखला मिळतो आणि बसवल्यावर गाडी तपासून तिची नोंद करता येते. माझ्या मते आपल्याकडेही तशी सोय हवी. सरसकट मनाईने कापाकापी थांबत नाही, ती फक्त आडोशाला जाते. तपासून शिक्का मिळणार असेल तर लोक चांगला सेट घेतील. पण आज ती सोय नाही, तेव्हा इन्शुरन्सच्या क्लेमच्या वेळी कंपनी बोट ठेवू शकते, हे धरूनच निर्णय घ्या.

हे सगळं बेरजेला घेतलं तर माझं उत्तर असं. जी गाडी घरच्यांना, मित्रांना, सामानाला वाहते, तिला फार तर २५ मिमी, तेही टायने जागा आहे असं दाखवलं तरच, आणि पूर्ण सेटसकट. बजेट तेवढं नसेल तर आधी झिजलेले शॉकअप बदला, बुश बदला, चांगले टायर घाला. गाडी वळणावर जी सुधारेल ती कापलेल्या स्प्रिंगने कधीच सुधारणार नाही. दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही हेच सांगणं आहे, म्हणजे स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर घुसवून गाडी उंच करणाऱ्यांना. (आपल्या स्टाफच्या पार्किंगमध्ये अशा दोन-चार गाड्या सहज सापडतील. सरांनी राग मानू नये!) बफर घातला की तेवढी वेटोळी काम करायची थांबतात, दर वाढतो आणि शॉकअप पुन्हा मागे पडतो. कापणं असो की कोंबणं असो, सूत्र एकच आहे.

आणि ज्यांना एवढं करूनही विश्वास बसत नाही, त्यांच्यासाठी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये स्प्रिंग टेस्टिंग मशीन असतं. भंगारवाल्याकडून एक जुनी स्प्रिंग आणा, दर काढा. एक वेटोळं कापा, पुन्हा दर काढा आणि मोकळी लांबी मोजा. लॅबमधल्या भाऊंना आधी विचारा, पुस्तकात नोंद करा, आणि तो आलेख गॅरेजमधल्या मिस्त्रींनाही नेऊन दाखवा. बहुतेक वेळा तेच काका म्हणतील, "हे मला माहीत होतं रे, पण ऐकतंय कोण?"